शंभरीची डबी

अहो, ऐकलंत का? भोरमध्ये शंभरी म्हणे डबीत मिळायला लागली! रोज अनशेपोटी एक अँटिऑक्सिडंटची गोळी, की म्हातारपण भाटघर धरणापलीकडेच थोपलं. राजवाड्यापासून एसटी स्टँडपर्यंत दुसरा विषय नाही. वेल्ह्यात तर, शिव शिव, जन्मभर तोरणा चढउतार केलेले आजोबासुद्धा सुनेच्या धाकानं गोळी गिळतायत. डबीवर चित्र कशाचं? जांभळाचं! आणि हीच सूनबाई दारात पडलेली जांभळं नाक मुरडत खराट्यानं लोटते.

या भानगडीचं मूळ अमेरिकेत. शरीरात तयार होणारे फ्री रॅडिकल पेशी बिघडवतात, त्यातून म्हातारपण येतं, असं शास्त्रज्ञ डेन्हम हार्मन यांनी 1956 साली मांडलं. मग काय, अँटिऑक्सिडंटनं रॅडिकल मारा आणि आयुष्य वाढवा! स्थळ दिसायला सोज्वळ. चौकशी केली तर भलतंच निघालं. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. 1994 साली निकाल लागला: गाजराला रंग देणारं बीटा कॅरोटिन हे अँटिऑक्सिडंट गोळीतून घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त! अमेरिकेतही तोच प्रकार दिसला, तेव्हा तिथली चाचणी 1996 मध्ये मुदतीच्या 21 महिने आधीच गुंडाळली. 2012 साली उपचारांचे पुरावे पारखणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या अभ्यासकांनी 78 चाचण्या, जवळपास तीन लाख माणसं तपासली. आयुष्य वाढल्याचा पुरावा नाही. बीटा कॅरोटिन आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यू किंचित जास्तच.

"पण फळं-भाज्या खाणारे जास्त जगतात ना?" जगतात की! पण ते बहुधा चालतातही जास्त, विडी-सिगारेट ओढतात कमी. त्यांचं श्रेय गोळीनं परस्पर लाटलं. शिवाय पांढऱ्या पेशी जंतू मारतात त्या याच बदनाम रॅडिकलच्या जोरावर. 2009 च्या एका जर्मन प्रयोगात तर क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी व्यायामाचा इन्सुलिनवर होणारा चांगला परिणामच अडवला. म्हणजे आजोबांनी तोरण्यावर घाम गाळायचा आणि त्याची कमाई गोळीनं खायची!

डॉक्टरांनी कमतरता बघून दिलेली गोळी वेगळी, ती सोडू नका हं. पण या डबीवरची बारीक अक्षरं भिंग घेऊन वाचा. 'औषधी वापरासाठी नाही', हे कायद्यानं छापावंच लागतं. दुकानदार नेमका तिथंच किंमतीचं लेबल चिकटवतो!