बियांपासूनवाले काका

बियांपासूनवाले काका साधारण प्रत्येक सोसायटीत एक असतात. पुण्यात दोन, आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. निवृत्तीनंतर वर्षभरात लक्षणे दिसू लागतात. त्यातही पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले जास्त कडवे. जन्मभर पाणी सोडून झाल्यावर त्यांना बिनपाण्याची झाडे हवी असतात.

त्यांचे आराध्य विष्णुक्रांत. रताळ्याच्या कुळातली ही बहुवर्षायू वनस्पती कशावर चढत नाही, जमिनीलगत पसरते. टेकडीवरच्या मुरमात ती सुखाने राहते. पानांवरच्या रेशमी लवेमुळे पाणी कमी उडते, आणि जमिनीखालचे चिवट मूळ उन्हाळा काढते. निळी फुले सकाळी उघडतात, दुपारपर्यंत मिटतात. हिची ब्राझीलकडची मोठ्या फुलांची बहीण नर्सरीत मिळते. फांदी खोचली की लागते. काका ती घेत नाहीत. फांदी खोचणे हा त्यांच्या मते वशिला आहे.

बी गोळा करण्याचा मोसम पावसाळा सरता सरता येतो. इवल्याशा बोंडात जास्तीत जास्त चार बिया, त्याही बोंड फुटायच्या आत गाठाव्या लागतात. म्हणून काका टेकडीवर ओणवे आढळतात आणि फिरायला आलेली मंडळी त्यांचा चष्मा शोधू लागतात. बी लग्नपत्रिकेच्या पाकिटात साठवले जाते. त्यावर काका तारीख घालतात, त्यामुळे घरातले कोणी ना कोणी चुकीच्या दिवशी कार्यालयात पोचते.

बियांचे कवच टणक असते. ते पॉलिश पेपरवर हलकेच घासतात किंवा बी कढत पाण्यात टाकून रात्रभर भिजवतात. मग जूनमध्ये निम्मी वाळू घातलेल्या मातीत वरवर पेरतात. येथून सोसायटीचा कठीण काळ सुरू होतो. काका येणाऱ्याजाणाऱ्याला ट्रे दाखवतात. ट्रेमध्ये माती असते. पाहुणा माती बघतो. "आत चालू आहे," काका सांगतात. गॅसचे सिलिंडर आणणाऱ्याला हे सांगून झाले आहे, गणपतीच्या दर्शनाला आलेल्यांनाही. त्यांना आधी ट्रे, मग गणपती.

आत खरेच चालू असते. एकाच पाकिटातले काही बी पंधरवड्यात उगवते, काही पुढच्या वर्षी. सगळे एकाच सरीला उगवले आणि पावसाने दडी मारली, तर वंश संपायचा. ही सावधगिरी बियांत उपजत आहे.

रोपे गेटजवळच्या पट्ट्यात गेली की पहिले वर्ष सगळी वाढ मुळांची. वर दाखवण्यासारखे काही नसते. वार्षिक सभेत खर्चाचा विषय निघतो, काका उभे राहतात आणि "आत..." म्हणताच सभा चहाला उठते. दयाळू रहिवासी येताजाता बाटलीभर पाणी ओततात, त्याने मुळे कुजतात. काका तिथे खुर्ची टाकून बसतात.

मग एप्रिल येतो. टँकरच्या पाळ्या लागतात, लॉन पिवळे पडते आणि गेटजवळचा पट्टा हिरवट, निळे ठिपके मिरवत तसाच राहतो. लोक थांबून बघतात. काकांना मात्र जिंकल्यावर बोलता येत नाही; ते खुर्ची उचलून वर जातात. पुढच्या मोसमात प्रत्येकाच्या पत्रपेटीत एकेक पाकीट पडते, पट्टा कोरा करून जमवलेल्या बियांचे. एवढे बी कोणी फुकट वाटत नाही, हे सोसायटीला कळत नाही.

बहुतेक पाकिटे फ्रिजवर पडून राहतात. एका घरी ते बी मोहरी समजून फोडणीत पडते आणि तडतडत नाही, अशी तक्रार येते. काका शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, "तेल किती तापलं होतं?"