चतुःसीमा

पत्र रजिस्टर ए.डी.नं आलं. आबा राहतात दुसऱ्या मजल्यावर, मी पहिल्यावर. मधे अठरा पायऱ्या. त्या अठरा पायऱ्या उतरायला पत्राला पोस्टामार्गे दोन दिवस लागले. पोस्टमन माझी सही घेत होता, तेव्हा आबा वरच्या कठड्यावरून वाकून बघत होते.

"मिळालं ना?"

"मिळालं, आबा."

"सहीखाली तारीख घाल हो. नंतर घोळ नको."

मी सोसायटीचा सेक्रेटरी. रत्नागिरीत हे पद कुणी मागून घेत नाही. सभेला उशिरा येणाऱ्याच्या गळ्यात पडतं. पत्राचा विषय होता पन्नास रुपये. स्टिल्टमधल्या प्रत्येक जागेला महिना पन्नास रुपये पार्किंग शुल्क लावायचा ठराव आम्ही केला होता, आणि मेंटेनन्सच्या बिलात सिंकिंग फंडाखाली तेवढी एक ओळ वाढली होती. बाकी सगळ्यांनी ती वाचलीही नाही. आबांनी तिच्याखाली लाल रेघ मारली.

असा एक आबा मारुती मंदिरापासून नाचण्यापर्यंत कुठल्याही इमारतीत सापडतो. सरकारी नोकरीतून निवृत्त, अक्षर मोत्यासारखं, पिशवीत कार्बन पेपर, आणि गावाकडे निदान एक दावा चालू. आमच्या आबांचा दावा दापोली तालुक्यात आहे, सख्ख्या चुलतभावाशी, गडग्यावरच्या एका फणसावरून. फणस नक्की कुणाच्या हद्दीत, हा प्रश्न. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात तो फणस मुळासकट आडवा झाला. दावा अजून उभा आहे.

हा माणूस गावचं घर सोडून फ्लॅटमध्ये आला तेव्हा त्याचं काय गेलं, तर अंगण गेलं, परसू गेलं, आणि मुख्य म्हणजे हद्द गेली. फ्लॅटच्या भिंतीवरून कुणाशी भांडणार? पलीकडचा माणूस ती इंचभरही सरकवू शकत नाही. राहता राहिली खालची आठ बाय सोळा फुटांची जागा, पिवळ्या पट्ट्यांनी आखलेली. ती पट्टी दर पावसाळ्यात पुसट होते. म्हणजे गडगा ढासळण्याची पुरेपूर सोय!

आबांकडे मोटार नाही. जागेत एक जुनी स्कूटर आहे, निळ्या ताडपत्रीखाली. तिला सुरू झालेली मी पाहिलेली नाही. तिच्या पाठीमागे सोडणांचं पोतं, एक मोडका पाट, आणि मे महिन्यात गावाहून आलेला हापूस पेंढ्यात आढी घालून. तेव्हा सगळा स्टिल्ट असा घमघमतो, की तक्रार करायला खाली उतरलेला माणूस दोन आंबे घेऊन वर जातो. इथं पाऊस शंभर-सव्वाशे इंच पडतो. चार महिने कोरडी राहणारी जागा म्हणजे काय चीज आहे, हे पुण्याच्या माणसाला कळायचं नाही.

आबांचा पहिला मुद्दा भाषेचा होता. "पार्किंग म्हणजे गाडी उभी करणं. माझी गाडी उभी नाही, पडून आहे. पडून राहण्याचं शुल्क तुमच्या ठरावात नाही."

मी आदर्श उपविधी उघडून दाखवले. त्यांत स्वच्छ लिहिलंय, की जागा वाटून दिलेल्या सभासदानं सर्वसाधारण सभा ठरवेल ते शुल्क द्यायचं, मग तो गाडी लावो वा न लावो. आबांनी चष्मा पुसला, कलम वाचलं, आणि पुस्तक मला परत न देता वर घेऊन गेले.

दुसरा मुद्दा थेट सर्वोच्च न्यायालयाचा. ३१ ऑगस्ट २०१० चा निकाल, नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी, दहिसर. त्याची झेरॉक्स ते पोथीसारखी कापडात बांधून ठेवतात. भाऊबंदकीच्या इतिहासात पांचालीचं नाव पुन्हा यावं, हाही योगच! सुईच्या अग्रावर राहील एवढीही भूमी देणार नाही म्हणणारा दुर्योधन हा माझ्या मते मूळचा कोकणातलाच असावा.

"बिल्डरला स्टिल्ट विकता येत नाही, असं सुप्रीम कोर्ट म्हणतं. मग तुम्ही भाडं कसलं घेता?"

"आबा, बिल्डरला विकता येत नाही, कारण ती जागा सामाईक आहे. म्हणजे सोसायटीची."

'सामाईक' हा शब्द ऐकताच आबांचा चेहरा उतरला. सातबाऱ्यावरच्या सामाईक खात्यानं ज्याची दोन पिढ्यांची झोप उडवली, त्याला हा शब्द वापरायला नको होता. शिवाय मागाहून कळलं, की बिल्डरनं या जागेचे आबांकडून वेगळे पैसे घेतले होते. रोख. पावती नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पावत्या तपासलेल्या माणसानं स्वतः पावती घेतली नाही, हे त्यांनी मला जिन्यात, आवाज खाली आणून सांगितलं.

थकबाकीवर २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येईल, असं बिलाच्या तळाशी छापलेलं होतं. आबांनी स्वतःच्या थकबाकीचं व्याज स्वतःच काढून मला कळवलं, माझं अकरा पैशांनी चुकलं होतं म्हणून. "इंग्रजानं थिबा राजाला तीस वर्षं इथं अडकवून ठेवलं," ते म्हणाले, "पण बग्गी उभी केल्याचं भाडं लावलं असेल, असं मला वाटत नाही."

शेवटी आबा जिंकले, पण भलत्याच मुद्द्यावर. वार्षिक सभेची नोटीस चौदा पूर्ण दिवस आधी निघावी लागते. नोटिशीचा दिवस धरायचा नाही, सभेचा धरायचा नाही. सुतक मोजावं तसे आबांनी दिवस मोजले आणि तेरा काढले. तक्रार उपनिबंधकांच्या कचेरीत जाणार, असं दिसताच चेअरमन म्हणाले, "मरोत ते पन्नास रुपये." पुढच्या सभेत, पूर्ण चौदा दिवसांच्या नोटिशीनंतर, आम्ही शुल्क रद्द केलं. पोस्ट, झेरॉक्स आणि रिक्षा धरून आबांचे तोवर अडीच वर्षांच्या शुल्काएवढे पैसे गेले होते.

मला वाटलं, पेढे येतील. चार दिवस आबा दिसलेच नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी दारात उभे. हातात पन्नासाची नोट.

"हे घे. आणि पावती फाड."

"आबा, शुल्क रद्द झालं. तुम्हीच केलंत."

"शुल्क रद्द झालं रे, पण पावतीही बंद झाली की! उद्या कुणी विचारलं, या जागेत तुझी वहिवाट कशावरून, तर दाखवू काय?"

शेतसारा भरायचा तो सरकारची तिजोरी भरावी म्हणून नव्हे, पावतीवर आपलं नाव यावं म्हणून, हे मला बापानं शिकवलं होतं आणि मी विसरलो होतो. मी सांगून पाहिलं, की जागा वर्षापुरती वाटून दिलेली असते, पावतीनं मालकी येत नाही. आबा खुर्चीत बसले.

मी पावती पुस्तक काढलं. 'देणगी' लिहायला लागलो तर त्यांनी हात धरला.

"देणगी नको. 'हक्क राखून' लिही. आणि खाली चतुःसीमा घाल."

"पावतीवर?"

"घाल. पूर्वेस खांब. पश्चिमेस पाण्याची टाकी. दक्षिणेस चेअरमनची गाडी."

"गाडी हलते, आबा."

"मग 'सध्या' लिही."

मी लिहिलं. उत्तरेस गटार, असंही लिहिलं. आबांनी पावती उजेडात धरून दोनदा वाचली.

"गटार नव्हे," ते म्हणाले, "बारमाही पाणी असतं त्याला. पऱ्ह्या लिही."