जिंकला तो घोडा, हरला तो जॉकी

सर्वोच्च न्यायालयानं 1996 साली तामिळनाडूतल्या एका खटल्यात निर्वाळा दिला, की घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावणं हा जुगार नव्हे. त्यात अभ्यास लागतो, अक्कल लागते, तो कौशल्याचा खेळ आहे. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर, स्वस्तातल्या सेकंड एन्क्लोजरमध्ये ते निकालपत्र कोणी वाचलं असेल असं वाटत नाही, पण त्याचा सारांश तिथल्या शेंगदाणेवाल्यालाही पाठ आहे. मंडळींनी त्याला फक्त एक पोटकलम जोडलंय. तिकीट लागलं तर कौशल्य आपलं, आणि बुडालं तर जॉकीनं घोडा ओढला, म्हणजे मुद्दाम मागे ठेवला.

या पोटकलमाखाली मुंबई-पुण्यातल्या समस्त जॉकींवर पिढ्यान्‌पिढ्या खटले चालू आहेत. न्यायालय भरतं ते शेवटची शर्यत संपल्यावर, महालक्ष्मी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच असल्यामुळे तारखा पडत नाहीत. स्टेशन येईपर्यंत आरोप सिद्ध होतो आणि लोकल येईपर्यंत शिक्षाही ठरते: 'आयुष्यात पुन्हा याच्या घोड्याला हात लावणार नाही!' पुढच्या रविवारी आरोपीला जामीन मिळतो, कारण त्याच्याखाली फेवरीट घोडा असतो.

जुन्या रेसवाल्याला आवडता जॉकी कोण म्हणून विचारलं, की आधी त्याचं आडनाव कळतं आणि मग जॉकीचं. पारशी बावाजी असेल तर पेसी श्रॉफ. यात वाद घालायला फारशी जागा नाही, कारण आठ इंडियन डर्बी जिंकलेल्या माणसाशी वाद घालायचा तर निदान एक तरी जिंकलेली हवी. मराठी माणूस असेल तर पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे. दक्षिणेतून आलेला असेल तर नरेडू घराणं. आधी मलेश, मग सूरज आणि यश. घराणी गाण्यातच असतात असं नाही. फरक इतकाच, की गाण्यात बेसूर झालं तर श्रोते मान खाली घालतात, इथे खुर्ची उचलतात.

आमचे एक काका आणि त्यांचे पारशी मित्र यांच्यात हा वाद मी लहानपणापासून ऐकत आलोय. काका म्हणणार, "वसंत शिंद्याला पेसीचे घोडे मिळाले असते, तर आज तुमचा पेसी टॅक्सी चालवत असता." बावाजी शांतपणे चष्मा पुसत म्हणणार, "डीकरा, पेसीला गधेडा दिला ने, तरी डर्बी काढेल." त्यावर काका, "मग एवढे महागाचे घोडे कशाला घेत होता? गाढवं स्वस्त पडली असती!" गंमत अशी, की प्रत्यक्ष शर्यतीच्या दिवशी काका निमूटपणे पेसीच्या घोड्यावर पैसे लावत आणि बावाजी शिंद्याच्या. अभिमान वेगळा, जॅकपॉट वेगळा.

पहिल्या डर्बीचा विषय निघाला, की काकांची छाती फुगते. 1943 साली पहिली इंडियन डर्बी जिंकली ती प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीनं. घोडी बडोद्याच्या गायकवाडांची, स्वार ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट. काकांच्या इतिहासात या शर्यतीत ब्रिट नावाचा माणूसच नाही. घोडी गायकवाडांची, म्हणजे विजय आपला. ती हरली असती तर मात्र ब्रिटला ऑस्ट्रेलियापर्यंत पोचवून आले असते. आपला तो बाब्या ही म्हण घोड्याच्या पाठीवर बसल्यावर इतकी वेगानं पळते, की फोटोफिनिशचा कॅमेराही तिला पकडू शकत नाही.

सत्तरच्या दशकातला स्क्वाँडरर घ्या. 19 वेळा धावला, 18 वेळा जिंकला. कुठल्याही सरळ डोक्याच्या माणसाला यातून एकच गोष्ट दिसेल, की घोडा अफाट होता आणि त्याला हाकणारे हातही चांगले होते. पण सेकंड एन्क्लोजरचं गणित निराळं. अठरा विजयांचं श्रेय घोड्याच्या रक्ताला, त्याच्या आईबापाला, चाऱ्याला, आणि 'मी आधीच सांगितलं होतं' म्हणणाऱ्या प्रत्येकाला. उरलेल्या एका पराभवाची चौकशी मात्र अजून बंद झालेली नाही. साक्षीदार हयात आहेत, आणि दरवर्षी त्यांची संख्या वाढते आहे.

आता जरा जॉकीच्या बाजूनं बघू. बघायला कोणी तयार नसतं म्हणून.

शर्यतीआधी हा माणूस खोगीर छातीशी धरून वजनकाट्यावर उभा राहतो. समजा, हँडिकॅपरनं त्याच्या घोड्यावर 54 किलो ठरवलेत. तो खोगिरासकट 52 भरला, तर खोगिराखालच्या कापडाच्या खिशांत शिशाच्या पट्ट्या सरकवून हिशेब पुरा करतात. जास्त भरला, तर चूक त्याच्या जेवणाची. शर्यत संपली, की घामाघूम, चिखलानं माखलेला तो पुन्हा त्याच काट्यावर. वजन कमी भरलं तर जिंकलेली शर्यतही जाते. या काट्यासाठी तो अर्धी पोळी खातो, गरम वाफेत बसून घाम गाळतो, आणि मग साडेचारशे-पाचशे किलोच्या जनावराच्या पाठीवर, रिकिबीत जेमतेम पंजे अडकवून, ताशी साठ किलोमीटरनं दहा-बारा घोड्यांच्या घोळक्यात घुसतो. कुंपणाला रेलून उभे असलेले, नव्वद किलोंचे, एका हातात वडापाव आणि दुसऱ्या हातात रेसबुक धरलेले आमचे काका त्याच वेळी म्हणत असतात, "च्यायला, घोड्यावर नुसतं बसायला काय लागतं?"

आणि ओढण्याबद्दल. शर्यतीत घोडा ओढावाच लागतो, हे काकांना चाळीस वर्षांत कोणी समजावू शकलेलं नाही. डर्बी 2400 मीटरची. घोडा फाटक उघडल्यापासून जीव खाऊन पळाला, तर शेवटच्या वळणावर त्याचा दम संपतो आणि पोस्ट येईस्तोवर तो गर्दीत हरवतो. म्हणून जॉकी त्याला आधी आवरून धरतो, पुढच्या घोड्याच्या आडोशाला ठेवतो, फट दिसेपर्यंत थांबतो. अनेकदा हा बेत आधी ट्रेनरनं आखून दिलेला असतो. ही सगळी विद्या लगामावरच्या दोन मुठींत असते. फट मिळाली आणि घोडा जिंकला, तर काका म्हणतात, "काय पळाला!" फट नाही मिळाली, तर "बघितलंस? सोडलाच नाही!" आणि फट लवकर मिळून घोडा शेवटी थकला, तर "लवकर सोडला हरामखोरानं." तिन्ही शक्यतांत जॉकीला शाबासकी मिळण्याची सोय कुठेच नाही.

डिक फ्रान्सिस या ब्रिटिश जॉकीचं नशीब मला म्हणूनच हेवा वाटण्यासारखं वाटतं. 1956 च्या ग्रँड नॅशनलमध्ये राजमातेचा डेव्हन लॉक त्याच्याखाली होता. सगळे अडथळे पार झालेले, पोस्ट अगदी समोर, मागे जवळपास कोणी नाही, आणि मोकळ्या मैदानात घोडा एकाएकी चारी पाय पसरून पोटावर आपटला. कारण आजतागायत कोणाला सांगता आलेलं नाही. फ्रान्सिस नंतर रहस्यकथा लिहून जगभर गाजला. हेच महालक्ष्मीवर झालं असतं, तर रहस्य शिल्लकच राहिलं नसतं. जॉकीनं घोड्याच्या कानात काय सांगितलं ते तीन जणांनी स्वतः ऐकलेलं असतं, आणि त्यातला एक तर फर्स्ट एन्क्लोजरमधून.

हे सगळं निव्वळ संशयाचं भूत आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. शर्यतीत लबाडी होते, म्हणूनच तर चौकशी करणारे स्ट्युअर्ड असतात, कॅमेरे असतात, बंदीचे हुकूम निघतात. 2013 साली महालक्ष्मीवर एक फेवरीट घोडी तिसरी आली. वर बसलेला गडी एप्सम डर्बी जिंकून आलेला इंग्लिश जॉकी. लोक खवळले आणि स्ट्युअर्डनी त्याला 56 दिवसांची बंदी घातली. त्याचा वाद पुढे बराच चालला. इथे मला त्यात पडायचं नाही. माझं कुतूहल वेगळं आहे. त्या दिवशी घोडी ओढली गेली हे हजारो लोकांना शर्यत संपायच्या आत कळलं होतं. मग इतकी दिव्यदृष्टी असलेल्यांनी तिकीट तिचंच का काढलं होतं?

नावडत्या जॉकींची यादी माझ्याकडे आहे, पण ती छापण्यात अर्थ नाही. दर आठवड्याला तिच्यात भर पडते आणि आवडत्यांची यादी नेमकी तितकीच आटते. दोन्ही याद्यांत नावं तीच. आज संदेश, ट्रेव्हर आणि सूरज नरेडू यांच्याबद्दल ऐकू येणारी वाक्यं काकांनी त्यांच्या तरुणपणी शिंद्याबद्दल आणि पेसीबद्दल काढलेली आहेत, शिव्यांसकट. पेसी श्रॉफ 2004 मध्ये निवृत्त होऊन ट्रेनर झाले, आणि एका रात्रीत त्यांचे सगळे गुन्हे माफ झाले. आता त्यांच्या तालमीतला घोडा हरला, की लोक सांगतात, "वर स्वतः पेसी असता ना, तर चार लांबींनी मारली असती!" हे म्हणणारे बहुतेक तेच, ज्यांनी पेसी वर असताना तिकिटं फाडून त्यांच्या दिशेनं भिरकावली होती. पेन्शन मिळाल्याशिवाय आपल्याकडे प्रामाणिकपणाचं प्रमाणपत्र मिळत नाही. सरकारी खात्यात काय आणि रेसकोर्सवर काय.

एकच नाव असं आहे, की ते निघालं की हे न्यायालय आपोआप उठतं. कार्ल उमरीगर. ऐन उमेदीतलं पोर, हात मऊ, घोडा त्याच्याखाली आपणहून पळायचा म्हणतात. 1979 मध्ये घोड्यावरून पडून गेला. त्याच्या नावानं आजही शर्यत होते. त्याच्याबद्दल काका आणि बावाजी यांचं एकमत आहे, आणि जगात त्यांचं एकमत होणारी ती एकमेव गोष्ट असावी. कार्लनं घोडा ओढला असं मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. सेकंड एन्क्लोजरमध्ये संशयातून पुरतं सुटायला जॉकीला काय करावं लागतं, ते यावरून कळतं.

असो. मंडळींना जॉकीवर नजर ठेवण्याच्या नादात दुसरीकडे बघायला सवड झाली नाही. रेसकोर्सचा भाडेकरार 2013 मध्ये संपला आणि पुढची दहाहून जास्त वर्षं तिथले घोडे कराराविनाच पळत होते. शेवटी 2024 मध्ये तोडगा निघाला. 211 एकरांपैकी 120 एकर उद्यानासाठी पालिकेकडे, 91 एकर शर्यतींकडे. उद्यान होईल तेव्हा होईल. मुंबईत मोकळी जागा उद्यानासाठी राखली, की ती मोकळी राहावी म्हणून आणखी एक आंदोलन राखून ठेवावं लागतं. रेसवाल्यांनी यावर एका वाक्यात प्रतिक्रिया दिली: "धावपट्टीला हात नाही ना लावत? मग ठीक."

धावपट्टीला नाही लावला, तिकिटाला लावला. 2017 मध्ये जीएसटी आला तो 28 टक्क्यांचा, आणि तोही क्लबच्या कमिशनवर नव्हे, तुम्ही लावलेल्या पूर्ण रकमेवर. सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. न्यायालयाच्या मते हा कौशल्याचा खेळ, अर्थखात्याच्या मते कॅसिनोचा सख्खा भाऊ. या कराला फाटक उघडायची वाट बघावी लागत नाही, वजनकाट्यावर उभं राहावं लागत नाही, आणि त्याच्यावर स्ट्युअर्डची चौकशीही बसत नाही. घोडा पहिला येवो की शेवटचा, हा गडी प्रत्येक शर्यत जिंकतो.

तेव्हा फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी डर्बीला जाणार असाल, तर शिव्या देताना निदान पत्ता तरी बरोबर टाका. महालक्ष्मीच्या काट्यावर उभा असलेला तो पन्नास किलोंचा माणूस तुमचा खिसा हलका करणारा पहिला नाही, आणि सगळ्यात मोठा तर अजिबातच नाही.