सविनय सीसी

बोरिवली-चर्चगेट फास्टच्या दारात कोणी वाट अडवून उभा राहिला, तर त्याला ऐकायला मिळतं, ‘अंधेरी उतरणार? नाही? मग आत सरक.’ तोही मुकाट सरकतो. पण त्याला हटकणारा माणूस अर्ध्या तासात अंधेरी पूर्वेच्या कचेरीत पोचतो, लॅपटॉप उघडतो आणि टाइप करतो, ‘होप धिस मेल फाइंड्स यू वेल.’ अहो, समोरचा दोन टेबलं सोडून बसलाय. बरा आहे की नाही, ते मान वर करून बघा की!

1973 साली याच अंधेरी पूर्वेला सीप्झ हे निर्यातक्षेत्र सुरू झालं ते इलेक्ट्रॉनिक माल परदेशी धाडण्यासाठी. पुढे दागिने गेले, सॉफ्टवेअर गेलं. तिकडच्या गिऱ्हाइकांसाठी कमावलेली साहेबी अदब मात्र इथेच राहिली आणि आता ती आपण एकमेकांवर खपवतो, असा माझा संशय आहे.

समजा, एक कोटेशन हवंय. सोमवारी ‘काइंडली शेअर’. बुधवारी ‘जेंटल रिमाइंडर’. शुक्रवारी ‘ॲज पर ट्रेलिंग मेल’, आणि सीसीत साहेब. राग चढेल तशी भाषा मऊ होत जाते, फक्त ‘वॉर्म रिगार्ड्स’मधलं ‘वॉर्म’ तेवढं गळतं. उत्तर येतं, ‘नोटेड, विल रिव्हर्ट.’ शेवटी खाली टपरीवर दोघं भेटतात. ‘काय रे, कोटेशन कुठे अडलं?’ ‘व्हेंडरने रेटच दिला नाही अजून.’ आठवडाभराच्या अदबीला जे जमलं नाही, ते एका कटिंगमध्ये झालं.

मराठीनेही फार मिरवू नये. ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव अग्रेषित’ असं लिहिलं की कागद दुसऱ्याच्या टेबलावर जातो आणि पहिला सुटतो. पण याच भाषेत 1675 साली शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला खरमरीत पत्र धाडलं होतं. पद्मदुर्ग या जलदुर्गाच्या कामासाठीचा पैसा नि धान्य त्याने वेळेवर पोचवलं नव्हतं. काय चुकलं, त्याचे परिणाम काय, सगळं रोखठोक. सीसीत कोणी नाही.

हाताखालच्या माणसाने आडवळणाने लिहावं, हे समजतं. त्याला नोकरी टिकवायचीय. पण साहेबाला कसलं भय? शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता तो लिहितो, ‘वेळ मिळाला तर एकदा नजर टाक.’ मुलुंडची नवी मुलगी ते खरं मानते, घरी जाते आणि सोमवारी बोलणी खाते. काम आज रात्रीच हवं होतं, हे म्हणे तिनेच ओळखायला हवं होतं!

तेव्हा साहेब, आज रात्री हवं असेल तर ‘आज रात्री हवं’ असंच लिहा. म्हणजे तिलाही ‘आज जमणार नाही’ असं सरळ लिहिता येईल.