सहल निघाली पाहुण्यांत

पुणे जिल्हा देवानं पश्चिमेकडून रचायला घेतला असावा. लोणावळा, मुळशी, वेल्हे, भोर असं करत डोंगर, धबधबे, करवंदं, जांभळं त्यानं सढळ हातानं वाटली. दौंड ओलांडून बारामती-इंदापूरला पोचेपर्यंत पोत्यात फक्त ऊन उरलं होतं. ते त्यानं आमच्याकडे झटकून रिकामं केलं. त्यामुळे मे महिन्यात सगळे थंड हवेच्या ठिकाणी जातात तेव्हा तुम्ही कुठे जाता, असं बाहेरची माणसं काळजीनं विचारतात. आम्ही पाणी बघायला जातो.

ही थट्टा नाही. अर्धा बारामती तालुका जिरायती आणि अर्धा नीरा डाव्या कालव्यावर भिजणारा. इकडे स्थळ बघताना पत्रिकेच्या आधी विचारतात, "जमीन कालव्याच्या वर का खाली?" खाली असेल तर मुलाचे निम्मे गुण जुळले. कालव्याला आवर्तन सुटलं की आमच्याकडे सण सुरू होतो. पोरं पाठीला डबा नाहीतर टायरची ट्यूब बांधून विहिरीवर धावतात आणि म्हातारी माणसं संध्याकाळी तीन हत्ती चौकात येऊन कालव्याकडे बघत उभी राहतात. पाणी काही करत नाही, नुसतं जातं. पण त्याच्यावर तासभर चर्चा होते. किती क्युसेकनं सोडलं, शेवटच्या टोकाला पोचलं का, मधेच कोणी मोटर टाकली.

माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं आणि सासर बारामतीचं, म्हणजे मी दोन्ही बाजूंनी भाजलेली. दर उन्हाळ्यात मुंबईची नणंद मुलाबाळांसह येते आणि तिसऱ्या दिवशी दाजी पंख्याखाली पडल्या पडल्या विचारतात, "इथं बघण्यासारखं काय आहे हो?" सासऱ्यांना, म्हणजे आमच्या आण्णांना, हा गावाचा अपमान वाटतो. ते लगेच मोरोपंतांपासून सुरुवात करतात. मोरोपंत बारामतीत राहिले आणि त्यांनी एकशे आठ रामायणं रचली, हे दाजींनी शाळेत पाठ केलेलं असतं. माझं याबाबतीत वेगळं मत आहे. बारामतीच्या उन्हाळ्यात दुपारी अकरा ते पाच दार लावून बसल्यावर माणूस दुसरं करणार काय? एकशे आठ रामायणांत आमच्या उन्हाचाही वाटा धरला पाहिजे.

आण्णांची दुसरी सूचना सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य. १९९७ साली जाहीर झालेलं, पाचेक चौरस किलोमीटरचं, चिंकाऱ्यांसाठी राखलेलं. एकदा सगळ्यांना तिकडे नेलंही. बराच वेळ खुरट्या झाडांकडे बघितल्यावर एक चिंकारा दिसला. पोरं हरखली. आण्णा मात्र म्हणाले, "हे होय! हे तर आपल्या मेव्हण्यांच्या हरभऱ्यात रोज येतं." दाजींनी तिकिटाच्या पावतीकडे एकदा बघितलं आणि ती खिशात ठेवली.

२०२४ च्या एप्रिलमध्ये मात्र ठरलं की भिगवणला रोहित पक्षी बघायला जायचं. जागा ठरली, वार ठरेना. घरात सगळे मांसाहारी आणि भिगवणला जाऊन मासे न खाता परतणं आण्णांच्या तत्त्वात बसत नाही. पण सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शुक्रवारी जाऊबाईंचं वैभवलक्ष्मीचं व्रत. मोरगावचा गणपती आमच्याच तालुक्यात, त्यामुळे सासूबाईंची संकष्टी चुकत नाही, आणि एकादशी तर सगळ्यांचीच. बुधवार उरला तर दाजींना ऑफिसचं काम. राहिला रविवार. आणि उन्हाळ्यातला रविवार आमच्याकडे लग्नाच्या मालकीचा असतो. त्या रविवारीही इंदापूरला लग्न होतं, मुहूर्त बारा पस्तीसचा. न जाऊन चालणार नव्हतं, कारण त्यांनी आमच्याकडच्या लग्नात मानाचा आहेर केलेला.

तेव्हा असं ठरलं की पहाटे निघायचं, भिगवणला पक्षी बघायचे, पळसदेवचं देऊळ बघायचं, इंदापूरला अक्षता टाकायच्या आणि येताना मासे खायचे. सहलीचं नियोजन आमच्याकडे पुरुष करतात. म्हणजे ओट्यावर बसून, "पाचला निघायचं बरं का, एक मिनिट उशीर चालायचा नाही," असं म्हणतात. बायका चारला उठून भाकरी थापतात. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कैरीचा तक्कू, ताकाचा कॅन. "अहो, वाटेत हॉटेलं आहेत," असं दाजी म्हणाले, तेव्हा सासूबाईंनी त्यांच्याकडे जावई म्हणून बघणं तेवढ्यापुरतं थांबवलं. पाचला निघणारी गाडी सव्वासातला निघाली. आण्णांची टोपी सापडत नव्हती. ती त्यांच्या डोक्यावर नव्हती, एवढं मी खात्रीनं सांगते. ती दाजींच्या धाकट्याच्या डोक्यावर होती आणि तो गाडीत झोपला होता.

लग्नाला जायचं असल्यामुळे सगळ्या बायका काठपदरात. भिगवणजवळच्या कुंभारगावच्या काठावर नावाडी थांबला होता. इथले मासेमार आता पक्षी दाखवायचंही काम करतात आणि कोणता पक्षी कुठे बसतो हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यानं आमच्याकडे बघितलं, नणंदेच्या नव्या पैठणीकडे बघितलं आणि त्या पैठणीवर नारिंगी जॅकेट चढवलं. "ताई, पदर आत खोचा. फडफडला तर पक्षी उठंल." दुर्बिणी लावून आलेली एक पुण्याची मंडळी दुसऱ्या नावेत होती. त्यांचे कपडे मातकट रंगाचे, पक्ष्यांना दिसू नये म्हणून. आम्ही कोसभरावरून दिसत होतो. मला वाटतं, त्या दिवशी पक्ष्यांनीही आम्हाला नीट बघून घेतलं.

उन्हाळ्याबरोबर उजनी धरणाचं पाणी उतरत जातं, उथळ दलदल उघडी पडते आणि रोहितांचं फावतं. एप्रिलपर्यंत त्यांची परतायची वेळ होते, तरी थवा होता. चोच उलटी करून, डोकं पाण्यात घालून ते शेवाळ, किडे गाळून खातात. दाजींनी माहिती दिली की त्यांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो. आण्णा म्हणाले, "असं कसं? आम्ही जन्मभर ठेचा खातोय, लाल झालो का?" सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ताटाशी बसल्यावर डोकं वर करायचं नाही, ही शिस्त बघा जरा." हे नातवंडांसाठी होतं, पण दाजींनी हातातला मोबाईल खाली ठेवला.

पळसदेवला जायचं तर उजनीचं गणित माहीत पाहिजे. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात. फुगवट्याचं पाणी मात्र मागे इंदापूर, दौंड, करमाळ्यापर्यंत. एकूण साठा एकशे सतरा टीएमसी, त्यातला त्रेसष्ट टीएमसी मृतसाठा. त्याच्या खाली पाणी गेलं की धरण वजा होतं. जगात इतरत्र भांडं रिकामं झालं की शून्य म्हणतात, आमच्याकडे शून्यानंतर खरी मोजणी सुरू होते. त्या उन्हाळ्याच्या शेवटी उजनी उणे साठ टक्क्यांच्या घरात गेलं होतं. "वजा धरणातून पाणी कसं काय पितात लोक?" भाच्यानं विचारलं. तो गणितात हुशार आहे, त्यामुळे त्याला समजावणं अवघड गेलं.

धरण वजा झालं की पळसनाथाचं देऊळ वर येतं. १९८० च्या सुमारास उजनी पूर्ण झालं, तेव्हा जुनं पळसदेव पाण्यात गेलं आणि गाव पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेला नव्यानं वसलं. एरवी फक्त शिखर दिसतं, टंचाईच्या वर्षी पायथ्यापर्यंत चालत जाता येतं. म्हणजे पाऊस झाला तर आम्ही पाणी बघायला जातो आणि नाही झाला तर पाण्यानं काय झाकलं होतं ते. सहल काही बुडत नाही.

तिथे माझे वडील आले होते. आमची जुनी जमीनही फुगवट्यात गेलेली. पाणी हटलं की जमीन गेलेली माणसं तिथे येतात आणि भेगाळलेल्या गाळात उभं राहून पत्ते सांगतात. इथं चावडी, इथं पिठाची गिरणी, इथं आपलं खळं. कोणी कोणी गाळपेर करून चार महिन्यांत पीकही काढतं. वडील दाजींना हौसेनं सगळं दाखवत होते. तेवढ्यात भावकीतले एक काका आले, पायानं रेघ ओढून म्हणाले, "खळं तिथं नव्हतं, हितं होतं. बांध आमचा." चाळीसहून जास्त वर्षं जमीन पाण्याखाली होती, पण बांधाचा वाद तिळभर भिजला नव्हता. दोघांनी तिथेच उन्हात तो पुन्हा चालवला आणि मग एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून आमच्याकडचं ताक प्यायले.

इथून इंदापूर जवळ. पण आमच्याकडे अंतर किलोमीटरवर मोजत नाहीत, पाहुण्यांवर मोजतात. पळसदेवहून इंदापूर म्हणजे एक मावशी, दोन चुलत मामा आणि एक व्याही. गाडी पुढे गेलेली कळली तर दिवाळीपर्यंत बोलणं बंद. प्रत्येक घरी तेच होतं. "पाचच मिनिटं टेकतो," आण्णा म्हणतात. "टेका की. च्या तरी घ्या." मग चहाच्या आधी सरबत, चहाबरोबर पोहे आणि निघताना गाडीत डाळिंबाची पिशवी. आमच्याकडे पाहुण्याला नको म्हणायचा अधिकारच नाही. एका घरी दाजी म्हणाले, "खरंच पोट भरलंय." मामी आत गेल्या आणि पोह्यांवर शेव घालून घेऊन आल्या.

बारा पस्तीसचा मुहूर्त आम्ही पावणेदोनला गाठला, तरी अक्षता मिळाल्या. लोकसभेच्या निवडणुकीचा उन्हाळा होता, बारामतीचं मतदान ७ मेला. त्यामुळे मंडपात पुढारी येत होते, माईकवर नाव पुकारलं जात होतं, वधूवरांना शुभाशीर्वाद मिळत होते आणि आंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना घामाघूम होऊन दोन जीव लग्नाची वाट बघत होते. एका पुढाऱ्यानं आशीर्वाद दिला, तोवर दुसऱ्या बाजूचा आला. न्याय म्हणून त्यालाही तेवढाच वेळ. पंगतीत जिलेबी, वांग्याची भाजी, मसालेभात. दाजींच्या पानात वाढपी थांबेना, कारण कुणीतरी "हे मुंबईचे जावई" असं सांगून ठेवलं होतं.

जावयावरून आठवलं. दर तिसऱ्या वर्षाच्या आसपास अधिक महिना येतो, त्याला आम्ही धोंड्याचा महिना म्हणतो. २०१८ साली अधिक ज्येष्ठ आला, १६ मे ते १३ जून. म्हणजे शाळेची सुट्टी आणि जावयाचा मान एकाच मोसमात. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे आणि अनारसे घालायचे, कपडे करायचे आणि सगळ्यांनी मिळून नीरा-नरसिंहपूरला जायचं. इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नीरा आणि भीमेच्या संगमावर लक्ष्मी-नृसिंहाचं देऊळ आहे. वैशाखातल्या नृसिंह जयंतीला तिथे उत्सव असतो आणि धोंड्याच्या महिन्यात तर पाय ठेवायला जागा नसते. संगमावर एकेक जावई बुडी मारून येतो आणि नवं धोतर सावरत उभा राहतो. सगळे सारखेच अवघडलेले. ते एकमेकांकडे बघतात आणि काही न बोलता ओळख पटते. २०२६ मध्ये पुन्हा अधिक ज्येष्ठच येतो, १७ मेपासून. ही बातमी मी दाजींना आधीच कळवली आहे.

त्या रविवारी परतताना भिगवणला थांबलो. चिलापी मूळची आफ्रिकेतली, पण आता भिगवणच्या तव्यावर तिच्याइतकं घरचं कोणी नाही. चार घरचे पोहे आणि लग्नाची जिलेबी पोटात असताना आण्णांनी तळलेली चिलापी मागवली, तत्त्व म्हणून. सासूबाईंनी पहाटेच्या दशम्या सोडल्या. त्या कोणीच खाल्ल्या नव्हत्या. आता सगळ्यांनी खाल्ल्या, कारण सासूबाई बघत होत्या.

घरी आल्यावर दाजी म्हणाले, "पक्षी दहा मिनिटं बघितले, देऊळ वीस मिनिटं, आणि उरलेला दिवस माणसंच बघितली की." त्यांना ही तक्रार वाटत होती. आमच्या दोन तालुक्यांत सहलीची तीच रीत आहे. डोंगर नाही, समुद्र नाही, सावलीसुद्धा बेतानंच. एकमेकांच्या ओट्यावर टेकायला निमित्त हवं असतं, ते कधी पाणी देतं, कधी वजा झालेलं पाणी.

तेव्हा तुम्हीही या. बुधवार नाहीतर रविवार धरून या, संकष्टी-एकादशी बघून या. पक्ष्यांसाठी पहाटे पोचा, पळसनाथासाठी आधी उजनीची टक्केवारी वाचा. बारामतीत कोणी ओळखीचं असेल तर मात्र येण्याआधी सांगू नका, आणि सांगितलंच तर "जेवून आलोय" असं म्हणू नका. त्यावर आमच्याकडे कोणी विश्वास ठेवत नाही.