गडगा, गोतावळा आणि बकऱ्या

रायगड जिल्ह्यात घराण्याचा इतिहास विचारला की लोक सनद काढतात, नाहीतर वतन. बेने इस्राएलांचा, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांचा, इतिहास थेट दफनापासून सुरू होतो. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि समुद्राने परत केलेले देह त्यांनी दोन उंचवट्यांखाली पुरले, एकात पुरुष, दुसऱ्यात बायका. ही परंपरेची कथा, आणि परंपरेच्या हिशेबाने ती दोन हजार वर्षांपूर्वीची. म्हणजे या मंडळींनी कोकणात पहिलं काय उभारलं, तर कबरस्तान. पोटापाण्याचे तेलाचे घाणे मागून आले. अलिबागच्या इस्राएल आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग तर १८४८ सालचं, त्या मानाने अगदी कालचं.

कबरस्तान कितीही जुनं असो, त्याचं कुंपण मात्र कायम दुरुस्तीला आलेलं असतं. काटेरी तार लावावी तर खारं वारं तिला खाऊन टाकतं. वई घालावी तर पहिल्या उन्हाळ्यात ती कुणाच्या तरी चुलीत जाते. राहता राहिला काळ्या दगडाचा गडगा. तो वर्षानुवर्षं उभा राहतो, पण ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा किनाऱ्यावरची झाडं हजारोंनी आडवी झाली, आणि झाड पडताना खाली कुणाचा गडगा आहे ते बघत नाही.

आता अशाच एका पडक्या गडग्याभोवती जमलेलं एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावं. नाव विचारू नये. किहीमकर, नवगावकर, रोहेकर, पेणकर, चौलकर, ज्याला वाटेल त्याने आपलंच समजावं. १९४८नंतर निम्म्याहून जास्त गोतावळा इस्राएलला गेला, उरलेला मुंबई-ठाण्यात स्थिरावला. गावात राहिल्या त्या कबरी, आणि एक आत्या.

आत्याने फोन फिरवले आणि माणसं आली. ठाण्याचे काका रो-रो बोटीने मांडव्याला उतरले, गाडीत थर्मास, टोप्या आणि एकही हत्यार नाही. इस्राएलमधल्या अश्दोदहून भाचा आला. तिकडे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघतं, त्यामुळे त्याचं मराठी ठाण्याच्या पुतण्यापेक्षा शुद्ध होतं, हे आत्याने दोघांच्याही देखत तीनदा सांगितलं. पुतण्या वाचून तयारीत आला होता.

“आत्या, कोहेनाने कबरस्तानात पाय ठेवायचा नसतो ना?”

“नसतो.”

“मग समजा, आपण पुरोहिताच्या वंशातले निघालो तर?”

“बेने इस्राएलांत कोहेन नाहीत रे बाबा. आपल्याकडे काजी असायचे. आणि काजीला घमेलं उचलायला कुणी बंदी घातलेली नाही. ते घे.”

काजींचं तिने खरं सांगितलं. दावीद राहबी नावाच्या पाहुण्याने या विस्मरणात गेलेल्या यहुद्यांना धर्माची उजळणी करून दिली आणि झिराडकर, शापूरकर, राजपूरकर अशा तीन घराण्यांना काजी नेमलं, असं परंपरा सांगते. घमेल्याबद्दल राहबीने काही सांगून ठेवल्याचं ऐकिवात नाही.

खरा पेच वाराचा झाला. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ज्या जमातीला अख्खा किनारा ‘शनवार तेली’ म्हणत आला, तिच्या कबरस्तानात शनिवारी कुदळ चालणं शक्यच नव्हतं. रविवारी गवंड्याची सुट्टी. काकांनी तोड काढली: शनिवारी गवंड्याने काम करावं, आपण फक्त बघावं. बघणं हे काम आहे की नाही यावर दुपारभर खल झाला. काकांची चाळीस वर्षांची नोकरी जमेस धरता ते कामच ठरत होतं. शेवटी शनिवारी संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसून शब्बाथ संपला तशी उतावळ्या तरुणांनी बॅटरीच्या उजेडात हातभर गडगा रचला. रविवारी सकाळी बघतात तर त्याने पोट काढलेलं. सोमवारी गवंडी आला, त्याने पायाने जरासं ढकललं, आणि रात्रीची सगळी मेहनत ओळीने गवतात जाऊन बसली.

गवंडी मोठा दगड बसवला की फटीत कपच्या ठोकत होता. त्याच्या हाताखालचा पोरगा भलताच हुशार. आसपास कपच्या शोधत फिरण्यापेक्षा जवळच्या कबरींवर कुणीतरी छान निवडून ठेवलेले खडे त्याला दिसले. घमेलंभर आणून दिले. ते खडे अश्दोदच्या भाच्याने आल्या दिवशी ठेवले होते; कबरीवर फुलाऐवजी खडा ठेवायची यहुदी रीत. भाच्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. पोरगा घाबरून परत काढायला धावला, तर आत्या म्हणाली, “राहू दे. पणजोबा गवंड्यांवर देखरेख करायचे. त्यांना आवडेल.” पणजोबा ही देखरेख कधी करायचे ते काकांना आठवेना, पण काका तेव्हा स्वतः देखरेख करत असल्यामुळे गप्प बसले.

गवत मात्र सगळ्यांना पुरून उरलं. पितरांना भेटायचा यहुदी महिना एलुल, तो येतो भाद्रपदाच्या सुमारास. बहुतेक वर्षी सर्वपित्री अमावास्या आणि यहुद्यांचं वर्ष संपणं जवळपास एकाच वेळी पडतं. मग इकडे घट बसतात आणि तिकडे नव्याचा सण. दोन्ही धर्मांनी पूर्वजांच्या भेटीसाठी नेमका तो काळ निवडलाय जेव्हा कोकणात गवत कमरेपर्यंत असतं आणि त्यात फुरसं असतं. मराठीत आणि हिब्रूत कोरलेले दगड वाचायला आधी कोयती चालवावी लागते. दोन कबरी साफ केल्यावर तिसऱ्यावरची पणजी आपली नाहीच, शेजारच्या घराण्यातली आहे, असं निघालं. तिचीही साफ केली. अर्धवट सोडली असती तर त्या घराण्याने अमेरिकेतून फोन केला असता.

काम नीट पुरं झालं तर मलिदा करीन, असं आत्या एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याला बोलली होती. अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा खडकावर दाखवतात. तिथे जाऊन भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ आणि फळं असा मलिदा झाला. गवंड्याने दोनदा मागून खाल्ला.

मग निघाला प्रश्न फाटकाच्या किल्लीचा. ठाण्याला ठेवून उपयोग नाही, अश्दोदला तर नाहीच, आणि आत्या दर सहा महिन्यांनी मुंबईला डोळे दाखवायला जाते. रोज त्या वाटेने जाणारा, हाकेला ओ देणारा गावात एकच माणूस, आणि तो होता बकरीवाला. ज्याच्या बकऱ्या आत शिरू नयेत म्हणून हा सगळा गडगा घातला, तोच. काकांनी हरकत घेतली. आत्याने किल्ली त्याच्या हातात दिली.

“आत बकऱ्या सोडायच्या नाहीत हं, भाऊ.”

“नाय सोडणार, बाय. पण गवत कापून नेलं तर चालंल ना?”

काकांनी गवताचा भाव विचारला. आत्याने काकांना बोटीची वेळ सांगितली.