मामांचं घोडं टेम्समध्ये न्हालं

आमच्या मामांनी आयुष्यातली पंचेचाळीस वर्षं महालक्ष्मीला पैसे वाहिले. देवळात नव्हे, रेसकोर्सवर. देवळात वाहिले असते तर नारळाची अर्धी कवड तरी प्रसाद म्हणून परत मिळाली असती, असं मामींचं मत. मामांचं मत वेगळं. घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला. त्या बातमीचं कात्रण मामा पाकिटात बाळगतात. पाकिटात दुसरं काही टिकत नसल्यामुळे ते अजून सुस्थितीत आहे.

तर हे मामा गेल्या दिवाळीनंतर परदेशी गेले. म्हणजे स्वतः गिरगावातच, त्याच गॅलरीत, त्याच आरामखुर्चीत, त्याच भोकं पडलेल्या बनियनमध्ये असतात. परदेशी गेले ते त्यांचे पैसे.

"लोकल रेस बंद," त्यांनी मला बोलावून सांगितलं. लोकल गाडी बंद झाल्याची बातमी द्यावी, तसा चेहरा होता.

पहिलं कारण कराचं. पैजेवर २८ टक्के जीएसटी होता तोवर मामा नुसतेच कुरकुरत होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला, तेव्हा त्यांनी कागद-पेन्सिल मागवली. "हे बघ. शंभराची पैज लावायला एकशेचाळीस मोजायचे. बरोबरीच्या भावाचा घोडा जिंकला तर हातात दोनशे, म्हणजे फायदा साठ. आणि हरला तर खड्डा एकशेचाळीसचा. शिवाय वर्षाकाठी जिंकाल त्यावर ३० टक्के आयकर, आणि हरलेलं त्यातून वजा करायचं नाही. हरलो तर माझा छंद, जिंकलो तर सरकारचं उत्पन्न! इंग्रजांनी पंटरवरचा कर २००१ मध्ये काढून टाकला आणि बुकीच्या नफ्यावर बसवला. याला म्हणतात लोकशाही."

एरवी भाजीवालीकडे हिशेब चुकणाऱ्या माणसाचं हे गणित बरोबर होतं, याची मला नोंद घ्यावी लागली.

दुसरं कारण जुनं. पंचेचाळीस वर्षांत मामा स्वतःच्या चुकीने एकदाही हरलेले नाहीत. कधी जॉकीने घोडा ओढला, कधी ट्रेनरने तो तयारच केला नव्हता, कधी फेव्हरिट 'झोपवला'. एकदा घोडा तयार होता, जॉकी प्रामाणिक होता, ट्रेनरही देवमाणूस होता, पण निघताना मामींनी मागून "कुठे निघालात?" असं विचारलं. पुरावा यातल्या एकाही गोष्टीचा नाही. मामींनी विचारलं, हे मात्र त्या स्वतः कबूल करतात.

"तिकडे हे चालत नाही," मामा म्हणाले. "अ‍ॅस्कॉटचं मैदान अ‍ॅन राणीने १७११ साली सुरू केलं. अजून राजा बग्गीतून येतो. राजा समोर बसलेला असताना जॉकी घोडा ओढेल?"

राजेलोकांनी इतिहासात काय काय ओढलं याची यादी देण्याचा मोह मी आवरला.

त्यात मामांना इतिहासाचा दाखलाही सापडला. "परदेशी घोड्यावर पैसा लावणं आपल्या रक्तात आहे," असं म्हणून त्यांनी बडोद्याचे गायकवाड काढले. प्रतापसिंहराव महाराजांनी १९४५ मध्ये इंग्लंडात एक वर्षाचं शिंगरू २८,००० गिनी मोजून घेतलं आणि आजोबांच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं 'सयाजीराव'. सप्टेंबर १९४७ मध्ये, म्हणजे इंग्रज इथून निघाल्यावर महिन्याभरातच, या सयाजीरावाने डोंकास्टरला जाऊन सेंट लेजर जिंकली. पुढच्या वर्षी महाराजांच्याच 'माय बाबू'ने न्यूमार्केटची टू थाउजंड गिनीज मारली. पेशवाईत अटकेपार गेलेलं मराठी घोडं थेट यॉर्कशायरात पोचलं, असं मामा छाती फुगवून सांगतात. १९४९ मध्ये महाराजांचं संस्थान विलीन झालं, हे मात्र ते सांगत नाहीत.

आता जायचं कुठे, हा प्रश्न होता. मामांची पहिली पसंती मकाऊ. पण तिथल्या शर्यती २०२४ च्या एप्रिलपासून बंद. मग सिंगापूर. तिथे क्रांजीच्या मैदानावर ५ ऑक्टोबर २०२४ ला शेवटची शर्यत झाली आणि जागा घरबांधणीसाठी सरकारकडे परत जाणार असं ठरलं. मामा क्षणभर गंभीर झाले. आपल्या महालक्ष्मीचेही १२० एकर महापालिकेच्या उद्यानाला जायचे ठरले आहेत. कुठल्याही देशात जा, घोड्यांच्या शर्यतीत शेवटी जागाच पुढे निघते.

उरलं इंग्लंड, हाँगकाँग, ऑस्ट्रेलिया, अमेरिका. पण अ‍ॅपवरून खेळावं तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केलेला. बँकेतून पैसे पाठवावेत तर परकीय चलनाचे २००० सालचे नियम आडवे. लॉटरीची तिकिटं, बंदी घातलेली मासिकं आणि स्वीपस्टेक यांसाठी परदेशी पैसा धाडायला एकाच कलमात मनाई आहे. सत्तरी ओलांडलेले मामा आपण बंदी घातलेल्या मासिकांच्या पंगतीत बसलो, या कल्पनेने थोडे सुखावले. पण वाट काही सापडेना.

वाट जावयाने दाखवली. मामांचे जावई हाउन्स्लोला राहतात. इंग्लंडात १९६१ पासून बेटिंगची दुकानं कायदेशीर आहेत, आणि असं एक दुकान जावईबापूंच्या घराच्या कोपऱ्यावरच आहे. तेव्हा व्यवस्था अशी ठरली: मामांनी व्हॉट्सअ‍ॅपवर घोड्याचं नाव कळवायचं, जावयाने तिथे पौंड लावायचे आणि मामांनी तेवढे रुपये डोंबिवलीला विहीणबाईंच्या हातात द्यायचे. पैसा सीमा ओलांडत नाही, कायदा मोडत नाही, असं मामांचं म्हणणं. अशा व्यवहाराला सरकारदरबारी हवाला म्हणतात, हे मी सांगितलं. मामा म्हणाले, "हवाला परक्यांत. सोयऱ्यांत त्याला आहेर म्हणतात."

त्यानंतर मामांच्या घरातलं घड्याळ बिघडलं. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कप असतो. त्या दिवशी मेलबर्नला सार्वजनिक सुट्टी असते आणि शर्यत आपल्याकडे सकाळी साडेनऊला पळते. त्या मंगळवारी मामांनी गणपतीला जास्वंद वाहायचं सोडून टीव्हीला वाहिलं. हाँगकाँगच्या हॅपी व्हॅलीतल्या बुधवार रात्रीच्या शर्यती इथे चारच्या चहाला सुरू होतात. थंडीत वुल्व्हरहॅम्प्टनला दिव्यांच्या उजेडात घोडे पळतात, ते आपल्याकडे मध्यरात्र उलटून जाईपर्यंत. आणि केंटकी डर्बी मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिकडे संध्याकाळी, म्हणजे इकडे रविवारी पहाटे साडेचारच्या सुमारास. काकडआरतीच्या वेळेला मामांना उठलेलं पाहून शेजारच्या आजींनी, म्हातारपणी का होईना माणूस मार्गाला लागला, म्हणून हात जोडले.

ज्ञानही वाढलं. नऊ स्टोन म्हणजे सत्तावन्न किलो, हे आता मामींनाही पाठ आहे. यॉर्कला पाऊस पडला की जमीन मऊ होते आणि मऊ जमिनीवर कुणाची पोरं पळतात, हे मामा सांगू शकतात. हिंदमाताला पाणी भरलं की नाही, हे विचारलं तर मामींकडे बोट दाखवतात.

हाँगकाँगने मात्र त्यांची परीक्षा घेतली. तिथला जॉकी क्लब प्रत्येक घोड्याच्या सकाळच्या सरावाची आणि दुखण्याखुपण्याची नोंद जाहीर करतो. मामांची अडचण अशी की, आतली खबरच जर सगळ्यांना सांगायची, तर तिला आतली म्हणायचं कसं? महालक्ष्मीला सेकंड एन्क्लोजरमध्ये कुणीतरी कानाशी लागून "चारवाला आज उडणार" म्हणायचा, त्यात खरी मजा. ती खबर साफ खोटी असायची, पण कानात सांगितलेली असायची.

आणि तिथे समोर बसलंय कोण? बिल बेंटर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९८० च्या दशकात हाँगकाँगला जाऊन शर्यतींचं गणित संगणकावर बसवलं आणि अमाप पैसा मिळवला. तेव्हापासून त्याच्यासारखे संगणकवाले, सगळ्यांच्या पैजा जिथे एकत्र जमतात, त्याच 'पूल'मध्ये पैसे टाकत आले आहेत. त्या 'पूल'मधून क्लब आणि सरकार आपला वाटा आधी काढून घेतात, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. म्हणजे एका बाजूला शेकडो बाबींचं समीकरण, आणि दुसऱ्या बाजूला आमचे मामा, जे घोड्याचं नाव मोठ्याने उच्चारून "कानाला बरं लागतंय" यावर पैसे लावतात.

इंग्लंडात तरी धडगत आहे का? तिथला बुकी कर मागत नाही, हे खरं. पण एखादा गिऱ्हाईक सतत जिंकू लागला, तर त्याची पैज दोन-चार पौंडांवर आणून ठेवायची, ही तिथल्या बुकींची सर्वज्ञात रीत आहे. हरणाऱ्याचं स्वागत, जिंकणाऱ्याला चहासुद्धा नाही. मी हे सांगितलं तेव्हा मामा निर्धास्त होते. "आपल्याला कुणी अडवणार नाही," ते म्हणाले. इतकी अचूक टिप त्यांनी पंचेचाळीस वर्षांत दिली नव्हती.

पण फेब्रुवारीच्या सुमारास मामा खंगू लागले. हरत होते म्हणून नव्हे. त्याची त्यांना सवय आहे. दुखणं वेगळंच होतं. वुल्व्हरहॅम्प्टनला घोडा हरला, की दोष द्यायचा कुणाला? जॉकीचं नाव नीट उच्चारता येत नाही, ट्रेनर कधी पाहिलेला नाही, घोड्याचा बाप ठाऊक नाही. इकडे निदान हरल्यावर महालक्ष्मी स्टेशनपर्यंत पायी चालत जायचं, सोबत सतरा हरलेले, प्रत्येकाची वेगळी थिअरी, वाटेत चहा. तेरावं घातल्यासारखं सगळं रीतीने व्हायचं. इथे शर्यत संपते, टीव्ही पुढच्या शर्यतीकडे जातो आणि अंधाऱ्या खोलीत मामा एकटे. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना शंका आली, की आपण स्वतःच्या अकलेने तर हरत नाही ना? पैशांपेक्षा ही शंका महाग पडली.

त्यांचं मन रमावं म्हणून मी जपानच्या 'हारू उरारा' या घोडीची गोष्ट सांगितली. कोचीच्या मैदानावर ती ११३ शर्यती पळाली आणि एकही जिंकली नाही. लोकांनी तिच्यावर इतका जीव लावला, की तिची हरलेली तिकिटं गाडीच्या अपघातापासून राखण करणारा ताईत म्हणून बाळगली. मामा खिन्नपणे म्हणाले, "माझी तिकिटं तुझ्या मामीने रद्दीत घातली."

मग मेअखेरीस जावईबापू सुट्टीवर आले. मामांनी आंबरसाचा बेत केला होता. जूनमधल्या अ‍ॅस्कॉटसाठी मोठी रक्कम लावायची होती. उंच टोपी घालून टीव्हीसमोर बसायचाही विचार होता. दुसरी वाटी संपल्यावर मामांनी विषय काढला, "जावईबापू, अ‍ॅस्कॉटचं कसं करायचं?"

जावयाने मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, "मामंजी, एक सांगायचंय. मी त्या दुकानात कधी गेलोच नाही."

आंबरस जागच्या जागी गोठला.

हिशेब असा निघाला. सात महिन्यांत मामांनी चौसष्ट हजार डोंबिवलीला दिले. दोन बुधवारी त्यांचे घोडे चुकून जिंकले, तेव्हा विहीणबाईंनी त्याच पैशांतून नऊ हजार इमानदारीने पोचते केले. उरले पंचावन्न. "तुमचे घोडे येतच नव्हते," जावई म्हणाले, "मग उगाच त्या बुकीला कशाला? घरातच राहू दे म्हटलं. आईच्या स्वयंपाकघरात ट्रॉल्या बसवल्या."

म्हणजे मेलबर्न, हाँगकाँग, वुल्व्हरहॅम्प्टन आणि केंटकी इथे धावलेला मामांचा पैसा प्रत्यक्षात डोंबिवली फास्टने गेला आणि तिथेच उतरला. मराठी माणसाला धंदा जमत नाही म्हणतात. इथे एका मराठी जावयाने दुकान, भांडवल आणि परवाना यांपैकी काहीही नसताना सात महिने बुकीचा धंदा केला आणि नफ्यात आणला. शर्यतींच्या जगात कायम कोण जिंकतं, याचा शोध घ्यायला इतक्या लांब जायची खरंच गरज नव्हती.

मला वाटलं, आता मामांचा रक्तदाब वाढणार. मामी पाणी आणायला उठल्या. पण मामांच्या चेहऱ्यावर, फेब्रुवारीपासून मावळलेलं तेज हळूहळू परत येत होतं. त्यांनी टेबलावर हात आपटला, वाट्या उडाल्या, आणि सेकंड एन्क्लोजरमध्ये शेवटच्या फर्लांगाला यायचा तोच जुना आवाज आला:

"ओढला! मी म्हणत नव्हतो? जावयाने घोडा ओढला!"

मग त्यांनी तृप्त होऊन तिसरी वाटी मागितली आणि पुण्याचा सीझन जुलैत नक्की किती तारखेला सुरू होतो, ते मला बघायला सांगितलं.

मामींनी वाटी पुढे सरकवली. "अहो," त्या म्हणाल्या, "या सीझनला पैसे माझ्याकडे लावा. आपल्याही ट्रॉल्या राहिल्यात."